बोल्स्टरवरची घासलेली जागा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रेस शॉपमध्ये शंभर टनी पॉवर प्रेसच्या बोल्स्टरवर, म्हणजे डाय बसतो त्या जाड प्लेटवर, दोन छोट्या जागा चकचकीत दिसतात. बाकी सगळा बोल्स्टर काळपट, तेलाने माखलेला, वर्षानुवर्षांच्या ओरखड्यांनी भरलेला. मागच्या कडेला मात्र बोटभर रुंदीच्या या दोन खुणा नव्या नाण्यासारख्या. काही दिवसांपूर्वी तिथे दोन लोखंडी ठोकळे होते. पहिल्या पाळीच्या सेटरने, म्हणजे प्रेसवर डाय बसवणाऱ्याने, भंगारातून दोन तुकडे निवडले, काटकोनात घासले आणि वेल्डिंगचे टॅक मारून तिथे बसवले. डाय, म्हणजे पत्र्याचा भाग कापणारा साचा, आत सरकवला की तो त्या ठोकळ्यांना टेकायचा आणि नेमक्या जागी थांबायचा. डायच्या वरचा दांडा, म्हणजे शँक, प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या रॅमच्या भोकाखाली बरोबर यायची. एरवी त्यासाठी पहारीने डाय इकडून तिकडे ढकलत, खाली वाकून बघत, पुन्हा ढकलत बसावं लागतं. ग्राहकाच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी मॅनेजर फेरी मारताना तिथे थांबले. "हे कोणी लावलं?" "मीच, साहेब. डाय लगेच बसतो." "ड्रॉइंगमध्ये आहे का हे? उद्या ऑडिटवाले येतायत. आधी काढ." संध्याकाळी मेंटेनन्सचा पोरगा ग्राइंडर घेऊन आला. पाच मिनिटं ठिणग्या उडाल्या, जळलेल्या लोखंडाचा वास शेडभर पसरला आणि ठोकळे गेले.

सेटर काही बोलला नाही. त्याने खिशातून खडू काढला आणि बोल्स्टरवर पुन्हा रेघ मारली.

या प्रसंगात मॅनेजर चुकले, असं म्हणून मोकळं होता येत नाही. बोल्स्टरवर वेल्डिंग करू नये हे खरंच आहे. उष्णतेने प्लेट वाकते, तिची सपाटी बिघडते, आणि तिरक्या बसलेल्या डायवर शंभर टनांचा दाब आला की डायमधला कापणारा पंच एका बाजूने झिजतो. योग्य उपाय साधा होता. बोल्स्टरला दोन भोकं ड्रिल करून रीमर फिरवायचा, त्यात डॉवेल पिना बसवायच्या, डायच्या खालच्या प्लेटला त्याच मापाच्या खाचा करायच्या आणि हे सगळं ड्रॉइंगवर चढवायचं. टूलरूमचं अर्ध्या दिवसाचं काम. त्यासाठी मॅनेजरना "टॅक काढ, तिथे डॉवेल मारून घेऊ" एवढंच म्हणायचं होतं. त्यातला पहिला अर्धा भाग बोलला गेला, दुसरा नाही. तो दुसरा भाग का बोलला गेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, कुठल्याही शेडमध्ये जा, वाक्य तिथेच तुटतं. आणि मग चहाच्या टपरीवर, संघटनेच्या सभेत, प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये एकच निदान ऐकू येतं: "मानसिकता बदलली पाहिजे." हे निदान मला पटत नाही.

डाय बदलताना नेमकं काय होतं ते जवळून बघितलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. आधीच्या जॉबचा शेवटचा पीस पडतो. रॅम खालच्या टोकाला आणून थांबवतात, वरचे क्लॅम्प सोडतात, रॅम इंच-इंच वर नेतात, मग खालच्या टी-स्लॉटमधले बोल्ट सोडतात. चेन ब्लॉक दुसऱ्या प्रेसवर अडकलेला असतो, त्याची वाट बघायची. जुना डाय खाली, नवा डाय रॅकवरून वर. बोल्स्टर आणि डायची खालची बाजू पुसायची. एक बारीक चिपुट जरी मध्ये राहिलं तरी डाय तिरका बसतो. मग ती पहारीची कसरत. मग शट हाइट, म्हणजे रॅम खालच्या टोकाला असताना रॅम आणि बोल्स्टरमधलं अंतर. प्रत्येक डायची उंची वेगळी, म्हणून प्रत्येक वेळी रॅमचा स्क्रू फिरवून जुळवायची. जरा जास्त खाली गेली तर प्रेस खालच्या टोकाला जॅम होतो, नाहीतर पंचाला चीर जाते, म्हणून जाणता सेटर इथे कधीच घाई करत नाही. मग क्लॅम्प, आणि क्लॅम्पखाली घालायच्या पॅकिंगा शोधायच्या, कारण प्लेटची जाडीही प्रत्येक डायची वेगळी. एक टी-बोल्ट आखूड निघतो, दुसऱ्याचे आटे गेलेले असतात. पट्टीचा स्टॉपर लावायचा, पहिला पीस मारायचा, तो क्वालिटीकडे न्यायचा. क्वालिटीवाला जेवायला गेलेला असतो. कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, किती आली, भोक किती सरकलं हे बघून झालं की पुन्हा थोडं जुळवायचं. या सगळ्याला ९० मिनिटं लागतात. त्यात प्रेसला खरोखर हात लावलेला असतो तो निम्म्याहून कमी वेळ. बाकीचा वेळ शोधण्यात, वाट बघण्यात आणि चालण्यात जातो.

हे कोडं नवीन नाही. १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदाच्या, जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी ८०० टनी प्रेसवरचा डाय बदलताना बघितला. एक बोल्ट सापडेना, म्हणून कामगार तासाभराहून जास्त वेळ शोधत फिरला. शेवटी शेजारच्या मशिनचा लांब बोल्ट आणून, कापून, त्याला आटे पाडून त्याने तो लावला. तिथून त्यांनी कामाची दोन भागांत विभागणी केली: प्रेस बंद असतानाच करता येतं ते, आणि प्रेस चालू असताना आधीच करून ठेवता येतं ते. १९६९ मध्ये टोयोटाच्या १,००० टनी प्रेसचा डाय बदलायला ४ तास लागत होते. आधी ते ९० मिनिटांवर आले, आणि त्यानंतर काही महिन्यांत ३ मिनिटांवर. यात कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. सगळ्या डायांची उंची खाली प्लेट लावून सारखी करणं, क्लॅम्पची जागा एकाच जाडीची ठेवणं, बोल्ट पूर्ण काढायला लागू नये अशी खाच करणं, आणि पुढचा डाय, पॅकिंगा, पाने असं सगळं ट्रॉलीवर प्रेसशेजारी आधीच आणून ठेवणं, एवढंच. आमच्या इथल्या बहुतेक मॅनेजरांना हे माहीत आहे. प्रशिक्षण झालेलं आहे, प्रमाणपत्र केबिनमध्ये लावलेलं आहे, जमिनीवर पिवळे पट्टेही मारून झाले. पट्टे पुसट झाले. डाय बदलायला अजून ९० मिनिटंच लागतात.

आता हिशेब करून बघू. समजा एका पीसची ग्राहकाला रोज ४०० नगांची गरज आहे आणि प्रेस तासाला ८०० नग काढतो. डाय बदलायला दीड तास जाणार असेल तर कोणीही शहाणा माणूस एकदा डाय लावला की ८,००० नग काढून ठेवेल. १० तास प्रेस चालला, २० दिवसांची बेगमी झाली. हाच डाय १८ मिनिटांत बदलता आला तर १,६०० नगांची बॅच परवडते. २ तास प्रेस, ४ दिवसांचा माल. महिन्यात पाचपट वेळा डाय बदलावा लागेल, पण पाच वेळा १८ म्हणजे ९०च. प्रेसचा बंद वेळ तेवढाच राहिला आणि शेडमधला माल पाचव्या हिश्श्यावर आला. शिवाय ८,००० नगांच्या बॅचमध्ये भोक सरकलेलं कळतं तेव्हा बिनच्या बिन भरलेल्या असतात. १,६००च्या बॅचमध्ये नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं. इतकं सरळ गणित असताना कोणी नाही का म्हणेल?

पण म्हणतात. आणि त्यांच्याकडेही गणित असतं.

ते गणित अकाउंटच्या टेबलावर आहे. कारखान्याचं भाडं, पगार, घसारा, विजेचा ठरलेला आकार धरून महिन्याचा स्थिर खर्च समजा १० लाख रुपये. महिन्यात १ लाख नग बनले तर प्रत्येक नगावर १० रुपये चढतात. त्यातले २०,००० नग विकले गेले नाहीत, तर त्यांच्या अंगावर चढलेले २ लाख रुपये स्टॉकमध्ये जाऊन बसतात, त्या महिन्याच्या खर्चात दिसतच नाहीत. म्हणजे माल साठवला की नफा जास्त दिसतो. आता बॅच लहान केली, साठा उतरवला, की मागच्या महिन्यांत साठ्यात दडलेला तोच खर्च बाहेर येतो आणि या महिन्याच्या नफ्यातून वजा होतो. सुधारणा केली आणि कागदावर नफा घटला. मालक विचारतो, "हे तुमचं नवीन पद्धतीचं काय झालं? पहिल्याच तिमाहीत खाली आलो." मॅनेजर बरोबर असतो, पण ते अकाउंटच्या भाषेत सांगायचं त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

बँकेचं वेगळंच. छोट्या कारखान्याचा श्वास सीसी लिमिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेने दिलेल्या कर्जमर्यादेवर, चालतो आणि दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. ८० लाखांचा स्टॉक दाखवला, २५ टक्के मार्जिन सोडलं, की ६० लाखांचं ड्रॉइंग पॉवर मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम उचलता येते. स्टॉक ४० लाखांवर आणला की तेच ३० लाख होतं. उरलेल्या साठ्याचा पैसा हातात येणार हे खरं, व्याजही वाचणार, पण तो पैसा कच्चा माल कमी घेत घेत हळूहळू सुटतो आणि बँकेची मर्यादा पुढच्या स्टेटमेंटलाच उतरते. मधल्या दोन महिन्यांत पगाराची तारीख येते, पत्र्याच्या कॉइलवाल्याचा चेक येतो. ग्राहकाचं पेमेंट कायद्याने ४५ दिवसांच्या आत यायला हवं, आणि ते कधी येतं हे प्रत्येक छोट्या उद्योजकाला माहीत आहे. अशा वेळी साठा म्हणजे वाया गेलेला पैसा आहे, हे वाक्य शेठना पाठ असतं आणि तरी गोडाऊन भरलेलं बघितलं की त्यांना शांत झोप लागते. त्या झोपेला मी अज्ञान म्हणणार नाही.

मॅनेजरच्या बाजूचंही बघावं. सकाळी नऊला कालच्या उत्पादनाचा आकडा, अकराला ग्राहकाचा फोन, दुपारी न आलेली कॉइल, संध्याकाळी डिस्पॅच. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत गेटबाहेर टेम्पोंची रांग लागते आणि प्रत्येक टेम्पोवाला त्यांनाच विचारतो. यात एखाद्या पाळीत दोन तास काढून ट्रायल घ्यायची, तर ते दोन तास त्यांच्याच उत्पादनातून जातात. ट्रायलचे खराब पीस लाल बिनमध्ये पडतात आणि सकाळच्या मीटिंगमध्ये रिजेक्शनचा टक्का त्यांच्याच नावावर वाचला जातो. ट्रायलमुळे पंच तुटला आणि ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबली, तर त्या थांबलेल्या वेळाची डेबिट नोट येते. तीही त्यांच्याच नावाने लक्षात राहते. ट्रायल यशस्वी झाली तर? वाचलेली ७२ मिनिटं कुठल्या रकान्यात लिहायची? तसा रकाना नाही. पुढच्या महिन्याचं टार्गेट फक्त वाढतं. आणि ट्रायल घेतलीच नाही, रोज ९० मिनिटं जात राहिली, तर त्याची डेबिट नोट कोणीच पाठवत नाही. बदल करण्याचा खर्च दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर येतो, नाव आणि रकमेसकट. न बदलण्याचा खर्च मात्र प्रत्येक नगाच्या किमतीत इतका मुरलेला असतो की तो वेगळा काढून कोणी बघतच नाही. या एका फरकाने बाकीचं बरंच काही ठरतं असं मला वाटतं.

ग्राहकांचं ओझं त्यावर. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या प्रत्येकाला पीपॅप, म्हणजे ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्याची पद्धत, माहीत असतं: १८ घटकांची फाइल, किमान ३०० सलग नगांचं रन, मापात राहण्याच्या क्षमतेचा आकडा १.६७च्या वर. नवा किंवा बदललेला डाय, मालाचा नवा पुरवठादार, एका प्लांटमधून दुसऱ्यात हलवलेलं टूल, वर्षभर बंद पडून पुन्हा चालू केलेला डाय, या सगळ्याला पुन्हा मंजुरी लागते. हे नियम योग्य आहेत. ब्रेकचा एखादा भाग कोणाच्या मनात आलं म्हणून बदलू नये. ओझरला विमानांचा कारखाना आहे, १९६४ मध्ये स्थापन झालेला. तिथे मंजूर कागदाबाहेरचा एक रिव्हेटसुद्धा चालत नाही आणि तेच बरोबर आहे. पण डाय कसा जागेवर आणायचा, पाने कुठे टांगायचे, पॅकिंगा कशा लावायच्या, यांना ग्राहकाची मंजुरी लागत नाही. तरीही "ग्राहकाला विचारावं लागेल" हे वाक्य तिथेही वापरलं जातं. जिथे नियम आहे तिथली भीती, नियम नाही तिथपर्यंत पसरत जाते. त्यात दरवर्षीची दरकपात. पुरवठादाराने पद्धत सुधारून नगामागे ३० पैसे वाचवले आणि ते खुल्या कॉस्टिंग शीटवर दिसले, की पुढच्या वाटाघाटीत ते ३० पैसे गेले. मग जुनाच सायकल टाइम कागदावर ठेवलेला बरा. कागदावर जुना ठेवायचा म्हटला की प्रत्यक्षातही कोणी त्याच्या मागे लागत नाही.

त्या सेटरचं गाव दिंडोरी तालुक्यात आहे. घरची एकरभर द्राक्षबाग, भाऊ बघतो, सुट्टीच्या दिवशी हा. तिथे हाच माणूस वेगळा असतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर कुठल्या दिवशी घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, द्रावणात बुडवायचे यावर त्याची स्वतःची मतं आहेत, आणि ती दरवर्षी थोडी बदलतात. कोणी नवीन खुंट सांगितला, नवीन संजीवकाची मात्रा सांगितली, की तो बागेच्या कडेच्या चार ओळी निवडतो, खांबाला लाल चिंधी बांधतो आणि फक्त तिथेच करून बघतो. जमलं तर पुढच्या वर्षी अर्धी बाग. नाही जमलं तर चार ओळींचा माल लोकल मार्केटला. जिल्ह्यातली द्राक्षशेती अशीच बदलत आली: स्वतःच्या मुळांवरची वेल गेली, डॉगरिजच्या खुंटावर कलमं आली, पाटाचं पाणी जाऊन ठिबक आलं, मांडवाशेजारी वाय पद्धत आली. २०१० मध्ये वेलीची वाढ रोखणाऱ्या सीसीसी या संजीवकाच्या अंशामुळे युरोपात गेलेला माल अडकला तेव्हा फटका जबर बसला, आणि काय फवारायचं, किती दिवस आधी थांबायचं हे बघण्याची शिस्त त्यातून आणखी कडक झाली. शेतकरी बदलाला घाबरत नाही असं नाही. एका गारपिटीत सगळं जातं, त्याच्याइतका घाबरलेला माणूस दुसरा नसेल. पण चार ओळी त्याच्या, खर्च त्याचा, निर्णय त्याचा आणि पुढच्या फेब्रुवारीत दिसणारा घडही त्याचाच. कारखान्यात कल्पना सेटरची, धोका मॅनेजरचा, पैसा शेठचा आणि फायदा ग्राहकाचा. माणूस तोच असतो. हातही तेच.

मॅनेजरही तसेच. त्यांनी घराच्या गच्चीवर सोलर बसवलंय आणि रोज संध्याकाळी मीटरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवतात.

मोठ्या कंपन्यांत हे मोठ्या मापाने होतं इतकंच. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं सुरू केली, आणि दोन पिढ्यांच्या मनगटांवर तीच होती. लग्नात जावयाला, निवृत्तीला साहेबांना, दहावीला पोराला. क्वार्ट्झचं तंत्र त्यांना अपरिचित नव्हतं. त्यांनी तशी घड्याळंही बनवली. पण कारखाने, मशिनं, हजारो कामगारांची बोटं, सगळं चावीच्या घड्याळाच्या बारीक दात्यांसाठी आणि केसासारख्या स्प्रिंगसाठी तयार झालेलं. क्वार्ट्झकडे वळायचं म्हणजे ती मशिनं रिकामी पडलेली त्याच महिन्यात दिसली असती. वळायचं नाही तर ग्राहक एकेक करून जातात, आणि दुकानाच्या काचेमागून घड्याळ उचललं नाही याची नोंद कारखान्यात येत नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनकडे जुनी मशिनंच नव्हती, तिने क्वार्ट्झवरच सगळा भर दिला. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळं बंद करण्याचा निर्णय घेतला. ती घड्याळं अजून कपाटांत चालतात, चावी दिली की टिकटिक सुरू होते. वस्तू वाईट नव्हती, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. जुन्या पिढीच्या कारखानदारांना एक गोष्ट माफही करायला हवी. १९९१ पर्यंत किती माल बनवायचा यालाच परवाना लागायचा, आणि बनेल तेवढा खपायचा. तिथे डाय १८ मिनिटांत बदलून करायचं काय होतं? त्या काळात जे शिकले त्यांनीच पुढच्यांना शिकवलं.

बदल जिथे रुजलेला दिसतो तिथे कोणी फार भाषण दिलेलं नसतं. तिथे ट्रायलचा वेळ आणि ट्रायलचे पीस वेगळ्या खात्यावर लिहिले जातात. शिफ्ट रिपोर्टवर "ट्रायल" असा स्वतंत्र कोड असतो. त्यातलं रिजेक्शन सुपरवायझरच्या टक्क्यात धरत नाहीत. एक प्रेस, एक डाय, एक महिना, एवढीच हद्द आखलेली असते, त्या चार ओळींसारखी. आणि सुरू करण्याआधी लिहून ठेवलेलं असतं की कुठला आकडा आला तर थांबायचं आणि कुठला आला तर पुढे जायचं. नाहीतर ट्रायल संपतच नाही, फक्त विसरली जाते. डाय निवडतानाही सगळ्यात अवघड नाही, सगळ्यात जास्त वेळा लागणारा निवडतात. काम करताना व्हिडिओ काढतात, मग सेटरसोबत बसून प्रत्येक हालचालीपुढे लिहितात: प्रेस बंद हवा की नको. बंद नको असलेली कामं आधी बाहेर काढतात, खर्च शेवटी करतात. उलटा क्रम केला, म्हणजे आधी झटपट आवळणारे हायड्रॉलिक क्लॅम्प विकत घेतले, तर क्लॅम्प पाच सेकंदांत आवळला जातो आणि क्वालिटीवाल्याची वाट अर्धा तास बघावीच लागते.

आणि मग जिथे बहुतेकांचं बिनसतं तो टप्पा येतो. पहिल्या पाळीत जमलं, दुसऱ्या पाळीत नाही. सेटिंग शीट जुनीच राहिली. टूलरूमने डाय रिपेअरला नेला, खालची प्लेट ग्राइंड करून अर्ध्या मिलिमीटरने उतरवली आणि शट हाइट पुन्हा बदलली. कोणी तरी पॅकिंगा शेजारच्या प्रेसला उसन्या दिल्या. तीन आठवड्यांत सगळं पूर्वपदावर येतं आणि सगळे म्हणतात, "बघा, आमच्याकडे नाही चालत हे." कंट्रोल प्लॅन, सेटिंग शीट आणि डायवर पेंटने लिहिलेली उंची, ही तीन ठिकाणं ज्या दिवशी बदल झाला त्याच दिवशी बदलली नाहीत तर तो बदल फक्त त्या माणसाच्या हातात राहतो.

सूचना पेटी बहुतेक शेडमध्ये असते, गेटजवळ, टाइम ऑफिसच्या भिंतीवर. चिठ्ठी टाकली की ती महिन्याच्या समितीपुढे जाते, तिथे "किती रुपये वाचतील" हा रकाना भरायला सांगतात, जो सेटरला भरता येत नाही आणि इंजिनिअरला भरायला वेळ नसतो. उत्तर "विचाराधीन" असं येतं. त्याहून खोल एक भीती आहे, ती चिठ्ठीत लिहिता येत नाही. वेळ वाचला तर हेल्पर कमी करतील. कंत्राटी पोरगा, जो पॅकिंगा उचलून देतो, तो उद्या नसेल. टार्गेट वाढेल, ओव्हरटाइम जाईल. वाचलेल्या वेळाचं काय करणार हे आधी सांगितल्याशिवाय, आणि तो शब्द पाळल्याशिवाय, कोणीही शहाणा कामगार आपली युक्ती देणार नाही. त्याने ती द्यावी अशी अपेक्षा करणं हे मला त्याच्यावर अन्याय करणं वाटतं.

त्या प्रेसवर आता वेल्डिंग नाही. ऑडिट झालं, शेरा आला नाही. सेटरने मात्र नवीन ठोकळे बनवले आहेत. यांना टॅक लागत नाही. खालून टी-स्लॉटच्या मापाचे आहेत, आत सरकतात आणि एका ॲलन बोल्टने जागेवर आवळले जातात. बोल्स्टरला इजा नाही, काढले की मागे काही उरत नाही. मॅनेजरनी सुचवायला हवं होतं त्याहूनही हे चांगलं आहे. ते ठोकळे त्याच्या लॉकरमध्ये, डब्यामागे, तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतात. पहिल्या पाळीत डाय बदलायचा असला की तो ते काढतो, लावतो, डाय सरकवतो. टक्कन आवाज येतो आणि डाय थांबतो. पॅकिंगा त्याने आधीच प्रेसशेजारी मांडलेल्या असतात. चाळीस मिनिटांत पहिला पीस पडतो. मग तो ठोकळे पुसून परत फडक्यात ठेवतो. शिफ्ट रिपोर्टवर सेटिंगच्या रकान्यात ९० लिहितो. जादा निघालेले पीस एका बिनमध्ये बाजूला ठेवतो. कॉइल उशिरा आली किंवा लाइट गेली, की त्या दिवशीच्या आकड्यात ते घालतो.

साडेतीनला पाळी बदलते. दुसऱ्या पाळीचा सेटर तरुण आहे, त्याला हे कोणी सांगितलेलं नाही. त्याच्या पाळीत डाय बदलायचा असला की बाहेरच्या रस्त्यापर्यंत पहारीचा आवाज येत राहतो, थांबतो, पुन्हा येतो. तोही रकान्यात ९० लिहितो.